बोटीवर न्यायचे कपडे

प्रिय वन्सं,

तुझे फोन मी उचलले नाहीत आणि मेसेजना नुसते अंगठे पाठवत राहिले, म्हणून तू गाल फुगवून बसली असशील. बैस थोडा वेळ. जन्मभर दुसऱ्यांना "आ करा" म्हणत आलीस, आता स्वतःचं तोंड जरा मिटून राहिलं तर बिघडत नाही. फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही, कारण तुझा दादा हल्ली दिवसभर घरीच असतो आणि आमच्या भिंती तुला ठाऊक आहेत, या खोलीत शिंकलं तर त्या खोलीतून "काय झालं" येतं. पूर्वी मी दुपारी आमच्या लाँड्रीच्या मागच्या बाजूला, वाफेच्या पाइपांजवळ उभी राहून तुझ्याशी बोलायचे. तेही आता जमत नाही. मेसेज लिहायला घेतला होता, पण जे सांगायचंय ते अंगठ्याने सांगण्यातलं नाही, म्हणून हा कागद. इतक्या वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. लग्न होऊन आले तेव्हा तू पहिल्याच आठवड्यात बजावलंस, "अहोजाहो केलंस तर उत्तर देणार नाही." मी म्हटलं, मग वन्सं तरी म्हणू दे, नाहीतर सासूबाई मला खातील. तेव्हापासून नणंदेला वन्सं म्हणून वर तिच्याशी अगंतुगं करणारी मी एकटीच भावजय असेन.

तर आपल्या बर्फाच्या समुद्रातल्या सफरीला बोटीवर काय न्यायचं ते आधी सांगते. ते सोपं आहे, आणि दातांचा दवाखाना बंद केल्यापासून तू दुसरा विषय बोलत नाहीस. तू फोटो पाठवलास त्या ढिगातले निम्मे स्वेटर परत ठेवून दे. आपल्याला वाटतं थंडी म्हणजे जाड कपडा. आमच्याकडे कोट टाकायला येणारे एक बोटवाले काका आहेत, अर्धं आयुष्य जहाजाच्या इंजिनखोलीत काढलेले. ते म्हणतात, एकच जाड कपडा घालणारा माणूस एकतर गारठतो नाहीतर उकडून निघतो, मधलं काही त्याच्या नशिबात नसतं. थरावर थर चढवायचे. अंगाला लागून पातळ लोकरीचे किंवा थर्मलचे कपडे, घट्ट, पण श्वास घेता येईल इतपत. तुझं माप मी जाणते, तू सांगतेस ते नव्हे, खरं. त्यावर फ्लीस किंवा मऊ स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा आणि पाणी दोन्ही अडवेल असा ढगळ कोट. सुती बनियन, सुती मोजे अजिबात नकोत. सुती कापड घाम पितं, ओलं होऊन अंगाला चिकटून बसतं, आणि मग डेकवरचा वारा माणसाला सोडत नाही. बोटीच्या आत मात्र चांगलं गरम असतं, तिथे लोक अर्ध्या बाह्यांनी फिरतात म्हणे. म्हणून मधले कपडे पुढून चेन असलेलेच घे. डोक्यातून ओढून काढायचे घेतलेस तर दर वेळी केस विस्कटतील, तू दर वेळी आरशापुढे उभी राहशील आणि तेवढ्यात बर्फाचा डोंगर मागे निघून जाईल.

बूट एक नंबर मोठे घे. दोन-दोन मोजे घालून पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. बधिर करण्यात तर तुझी हयात गेली, तुला मी काय सांगू. तळ रबराचा आणि खाचांचा हवा, कारण डेक ओला असतो आणि आपली हाडं आता पूर्वीसारखी जुळत नाहीत. हातमोज्यांचेही दोन थर, आत पातळ, बाहेर जाड, म्हणजे फोटोसाठी बाहेरचा काढला तरी हात उघडा पडत नाही. लांब मफलर नको, वारा तो तोंडावर फडकवत राहतो. गळ्यात अडकवायची लोकरीची पट्टी मिळते ती घे. टोपी कान पूर्ण झाकणारी हवी. ती पिसं लावलेली ऐटदार टोपी न्यायचं तू म्हणत होतीस, ती समुद्राला द्यायची असेल तर खुशाल ने. काळा चष्मा विसरू नकोस, बर्फावरून ऊन उलटं डोळ्यांत येतं. ओठांचं मलम, बोट लागली तर घ्यायच्या गोळ्या आणि रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. आणि हो, पोहायचा पोशाख. आतमध्ये गरम पाण्याचा तलाव असतो. काचेच्या बाहेर बर्फ आणि आत आपण दोघी म्हाताऱ्या गळ्याइतक्या गरम पाण्यात, हे चित्र मला फार आवडलं होतं.

बॅगा आपल्या घरच्या पद्धतीने भरायच्या असं ठरलं होतं, निम्मे माझे कपडे तुझ्या बॅगेत आणि निम्मे तुझे माझ्या. पद्धत सासूबाईंची. तुम्ही लहान असताना प्रवासात दादाची बॅग हरवली आणि त्याला तुझा झालरीचा फ्रॉक घालून फिरावं लागलं, ही गोष्ट त्या इतक्या वेळा सांगायच्या की सांगता सांगता ती झालर वाढत वाढत त्याच्या घोट्यापर्यंत पोचली होती. तो चिडायचा नाही. "फ्रॉक चांगल्या कापडाचा होता," एवढंच म्हणायचा. त्यानंतर त्या घरात कुणाचीही बॅग एकट्याची राहिली नाही. बोटीसाठी तर ही पद्धत फारच चांगली, कारण बॅग चुकली तर बोट काही तिच्यासाठी थांबत नाही. मी माझे निम्मे कपडे गेल्या महिन्यातच तुझ्याकडे पाठवणार होते. पाठवले नाहीत. तू विचारत राहिलीस आणि मी आज-उद्या करत राहिले. का, ते सांगते, पण मला जरा माझ्या वाटेने येऊ दे.

तुझा मोठा राखी कोट माझ्याकडे वेळेवर पोचला. दर वर्षी थंडीच्या तोंडावर तुझे कोट पार्सलने येतात, स्वच्छ होऊन, बटणं पक्की होऊन परत जातात, आणि तू माझे आभार मानतेस. "वहिनी, तुझ्या हाताला तोड नाही." वन्सं, माझा हात तुझ्या एकाही कोटाला लागलेला नाही. तुझं पार्सल आलं की मी ते काउंटरवर ठेवायचे आणि गप्प बसायचे. तो ते उघडायचा, कॉलर उलटी करून बघायचा आणि आत घेऊन जायचा. इस्त्रीवाल्याला हात लावू द्यायचा नाही. तुझ्या उजव्या खिशाचं अस्तर नेहमी फाटलेलं असतं, कारण तू दवाखान्याच्या किल्ल्या त्यात कोंबतेस. तो दर वर्षी ते नवं शिवायचा आणि शिवताना पुटपुटायचा, "अजून किल्ल्या खिशातच." कोट कुणाचा हे त्याने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. तुला मी हे कळवलं असतं तर तू पार्सल पाठवायचंच बंद केलं असतंस. तुम्हा दोघांचा पीळ मला माहीत आहे, सुंभ जळेल पण तो जळायचा नाही. म्हणून इतकी वर्षं मी तुमच्या मधे नुसत्या काउंटरचं काम केलं.

तुमचं बोलणं तुटलं त्या दिवशी झालं ते तुला नव्याने सांगायला नको, पण मला जसं दिसलं तसं एकदा सांगू दे. सासूबाई गेल्यावर तू चार दिवस राहून दवाखान्यासाठी परत गेलीस, आणि पुढच्या आठवड्यात मोठी रिकामी बॅग घेऊन आलीस. तुला त्यांचं काय काय हवं होतं, निदान तो बाह्या सैल झालेला तपकिरी स्वेटर तरी. तू कपाट उघडलंस तर आत नुसते हँगर. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने सगळे कपडे गरजूंना कपडे वाटणाऱ्या संस्थेत देऊन टाकले होते, कपाट आतून पुसलं होतं आणि फळ्यांवर नवा कागद घातला होता. मी तेव्हा दुकानात होते, घरी आले तेव्हा तो हाताने तो कागद अजून सारखा करत होता. तू म्हणालीस, "एक तरी ठेवायचंस." तो म्हणाला, "कपड्यांत माणूस नसतो." तू म्हणालीस, "तुझ्या दुकानात नसेल." आणि मग तू जे म्हणालीस, यापुढे तुला भाऊ नाही म्हणून, त्यावर तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"चा तुला आला तेवढाच राग मलाही आला होता. मी त्याची बाजू घेत नाही, चूक त्याचीच होती. फक्त एवढंच, की त्याचा जन्म परक्यांच्या कपड्यांत गेला. लोक कपडे टाकतात आणि न्यायला येत नाहीत, तीन महिने वाट बघायची आणि देऊन टाकायचे, हा दुकानाचा नियम. न्यायला कुणी येणार नाही असा कपडा लटकलेला त्याला बघवत नाही. तुला ते दगडाचं काळीज वाटलं. मला वाटतं, त्या कपाटाशी उभं राहून त्याला श्वास घेता येत नव्हता आणि म्हणून त्याने पळ काढला, आणि पळताना तुझं माहेर बरोबर घेऊन गेला.

आता जे झालंय ते सांगते. थंडी सुरू व्हायच्या आधी दुकानात एक बाई आल्या. पिशवीतून पुरुषाचा हिरवा स्वेटर काढून त्यांनी काउंटरवर ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "डाग तेवढा काढा. वास जाऊ देऊ नका." दुसरा कुणी हसला असता. तुझ्या दादाने मान डोलावली आणि म्हणाला, "मी स्वतः करतो." डाग हाताने काढायचा होता, म्हणून इतर कपड्यांत मिसळू नये या काळजीने त्याने तो स्वेटर बाजूला, लॉजच्या चादरींच्या गाठोड्यावर ठेवला. दुपारी गाठोडं होतं तसं मशीनमध्ये गेलं. चादरी आम्ही उकळत्या पाण्यात काढतो. लोकरीचं काय होतं तुला माहीत आहे. लहान पोराच्या मापाचा, पुठ्ठ्यासारखा कडक असा तो बाहेर आला. त्या बाई आल्या तेव्हा त्याने तो स्वतः त्यांच्या हातात दिला. मी पुढे होत होते, मला मागे सारलं. बाई बाकावर बसल्या, स्वेटर मांडीवर घेतला, नाकाशी धरला. साबणाचा वास असणार, दुसरं काय. मग म्हणाल्या, "असू दे. मुद्दाम थोडंच केलंत." आणि तो पिशवीत घालून निघून गेल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी त्याने भर दुपारी शटर ओढलं. घरी येऊन जेवला नाही. संध्याकाळी मी दिवा लावायला खोलीत गेले तर म्हणाला, "रिकामी बॅग घेऊन आली होती ती." मी म्हटलं, अरे, त्या बाईंकडे कापडी पिशवी होती, बॅग कुठली. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे त्या बाईंबद्दल चाललेलं नाही. तेव्हाच मी तुला फोन करायला हवा होता. पण मला वाटलं, बोलला, एवढं पुरे आहे, आता हळूहळू येईल मार्गावर. उगीच मधे तोंड घालून हात दाखवून अवलक्षण कशाला.

मार्गावर कुठला येतोय. दुकानात जायचं त्याने सोडलं. मी एकटी अर्धा दिवस उघडते, इस्त्रीवाला सांभाळून घेतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या शर्टाची सुरकुती ज्याला खुपायची, तो एकच शर्ट दिवसचे दिवस घालून खिडकीपाशी बसू लागला. दाढी नाही, पेपर नाही. शेजारपाजारचे म्हणतात, या वयात होतं असं, घरोघरी मातीच्या चुली. असतील, पण आमची विझत चालली होती. मी वाटेल ते करून पाहिलं, गोड बोलले, आदळआपट केली, अबोला धरला. अबोल्याचा तर त्याला पत्ताच लागला नाही. बोटीचं त्याला मी आधीच सांगितलं होतं, मैत्रिणीबरोबर जाते म्हणून. कोण मैत्रीण, हे त्याने विचारलं नाही, म्हणजे त्याला बरोबर कळलं होतं. एकदा मधेच म्हणाला, "तिकडे फार थंडी असते. जाडजूड एकच कोट घेऊन जाऊ नका." नका म्हणाला, वन्सं. दोघींना मिळून.

आणि मग तुझा राखी कोट आला. मी तो घरी आणून खुर्चीवर टाकला. सकाळी उठून बघते तर साहेब दाढी करून, दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन तयार. मी मागोमाग गेले. सकाळभर तो त्या एकाच कोटाशी होता. साफ केला, वाफ दिली, उजव्या खिशाला दुहेरी जाड अस्तर लावलं, सगळी बटणं काढून पुन्हा बसवली, आणि कॉलरला आतून एक हूक लावला, वारा गळ्यात शिरू नये म्हणून. मी काउंटरवर उभी राहून गिऱ्हाइकांशी उगीच हसत होते. मनात म्हटलं, सुटलो. त्या दिवशी तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तू जा दुकानात, मी आहे घरी," आणि मी इतकी आनंदात की चालत नाही, उड्या मारत गेले.

दुपारी परत आले तर तो पलंगावर बसला होता आणि त्याचं कपाट सताड उघडं. आत नुसते हँगर, सगळ्यांची तोंडं एकीकडे केलेली. फळ्यांवर नवा कागद. सदरे, पँटी, लग्नातला सूट, सासूबाईंनी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, सगळं पिशव्यांत भरून त्याने त्याच संस्थेत नेऊन दिलं होतं. अंगावर होता तेवढा एक जोड. मी विचारलं, "अरे, उद्या काय घालणार आहेस?" तो म्हणाला, "उद्याचं उद्या." रागाने नाही, चिडून नाही, आमच्याकडे कपडा कधी मिळेल असं गिऱ्हाइकाने विचारलं की ज्या आवाजात सांगायचा त्याच आवाजात. हा माणूस कुणाचे कपडे देऊन टाकतो हे मला इतकी वर्षं माहीत आहे. न्यायला येणार नसतात त्यांचे.

शेजारणीला त्याच्याजवळ बसवलं आणि मी त्या संस्थेत धावत गेले. एका लांब टेबलावर कपड्यांचा ढीग होता आणि दोन बायका तो निवडत होत्या. मी त्यातून त्याचे सदरे ओढून काढायला लागले. त्यातली एक बाई फार भली, माझ्याबरोबर शोधू लागली. एकेक घडी माझ्या हातावर ठेवत तिने विचारलं, "मिस्टरांचे का? कधी गेले?" मी म्हटलं, "घरी आहेत ते." मी तिथल्या स्टुलावर बसले, आणि वन्सं, त्या अनोळखी बाईच्या पदराला नाक पुसून रडले. सूट सापडला नाही. सासूबाईंचा स्वेटर सापडला. घरी आणून सगळं पलंगावर ठेवलं तर तो म्हणाला, "दिलेलं परत आणायचं नसतं." मी देईन तो सदरा अंगात घालतो, पण कपाटाला हात लावत नाही. परत आणलेले कपडे माझ्या कपाटात तळाशी कोंबून ठेवलेत.

दुसऱ्याच दिवशी मी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं होतं हात-पाय आपटेल, पण लहान मुलासारखा मुकाट आला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट विचारलं, जगणं नको झालंय का. तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "आवरून ठेवावं असं वाटतं." गोळ्या सुरू झाल्यात. त्या माझ्या पर्समध्ये असतात, एकेक मोजून मी देते. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, बरा होतो, पण वेळ लागेल आणि तोवर यांना एकटं ठेवू नका. मग विचारलं, जवळचं अजून कोण आहे. मी तोंड उघडणार होते, की आम्ही दोघंच, आम्हाला मूल नाही, सासूबाई गेल्या. माझ्या आधी तो बोलला. "बहीण आहे." डॉक्टर म्हणाले, "येणं-जाणं आहे का?" तो म्हणाला, "कोट पाठवते."

आधी माझ्या मनात आलं होतं, माझ्या जागी त्यालाच तुझ्याबरोबर बोटीवर पाठवावं. समुद्र, बर्फ, तू आणि तो, अबोला जाईल कुठे. त्याच्यासाठी थर्मलही बघायला गेले. मग दुकानातच डोळ्यांपुढे डेकचा कठडा आला आणि खालचं काळं पाणी, आणि मी ते कपडे होते तिथे ठेवून बाहेर पडले. डॉक्टरांनीही प्रवासाला साफ नाही सांगितलं.

तेव्हा मी बोटीवर येत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल, पण तेवढं कळवायला हे पत्र लिहिलेलं नाही. तूही जाऊ नकोस, वन्सं. असं म्हणायचा मला काही अधिकार नाही. सगळी कमाईची वर्षं तू लोकांच्या तोंडात वाकून काढलीस आणि एवढी एकच हौस धरलीस. आणि त्याने तुला जे दुखावलं त्याची तो माफीही मागणार नाही, ते त्याला येतच नाही. तरी सांगते, जाऊ नकोस, इकडे ये. मी एकटी त्याच्या पाळतीवर राहून थकले आहे, न्हाणीत गेले तरी कान बाहेर असतो. त्याला वाटतं त्याला न्यायला आता कुणी येणार नाही, आणि मी कितीही सांगितलं तरी मी त्याच्या हिशेबात घरातलीच. येणारं माणूस तूच आहेस. भरलेली बॅग सोडू नकोस, तशीच घेऊन ये, भरपूर कपडे आण, राहायला येतात तेवढे. आलीस की त्याला काही विचारू नकोस, रडू नकोस, जुनं काढू नकोस. सरळ आतल्या खोलीत जा आणि तुझे कपडे त्याच्या कपाटात लाव.

वाट बघणारी तुझीच,
वहिनी